नाक्यावरची पै

हिंगोलीहून वाशीमकडे जाणाऱ्या वाटेवर, जिल्ह्याच्या सीमेजवळ, कनेरगाव नाका ह्या नावाचे गाव लागते. तेथे माझ्या आतेभावाचे किराण्याचे लहानसे दुकान आहे. गेल्या दिवाळीच्या सुटीत मी चार दिवस त्याजकडे राहावयास गेलो असता त्याने मजपुढे एक विनंती ठेविली. दुकानाच्या हिशेबाकरिता एक साधी आज्ञावली मी त्यास लिहून द्यावी, एवढीच ती विनंती. अशा आज्ञावल्या बाजारात तयार मिळतात व त्यांपैकी एक त्याने आणूनही पाहिली होती. परंतु तिला प्रत्येक जिनसेचा सांकेतिक क्रमांक हवा, गोदामे हवीत, शाखा हव्यात. आणि ह्याचे दुकान म्हणजे दहा फूट रुंदीची एक खोली, एक तराजू आणि भिंतीस लावलेल्या फळ्या. त्यास हवी होती ती फक्त बेरीज, उधारीची नोंद आणि छापील पावती.

माझा विषय इतिहास. तथापि विद्यार्थिदशेत, १९८८ च्या सुमारास, पुण्यास एका स्नेह्याच्या घरी मी ‘बेसिक’ ही संगणकभाषा थोडीबहुत शिकलो होतो, आणि तेवढ्या भांडवलावर एका संध्याकाळी पन्नासेक ओळींची आज्ञावली मी सिद्ध केली. वजन विचारावे, दर विचारावा, दोहोंचा गुणाकार करावा, सर्व जिनसांची बेरीज घ्यावी आणि अखेरीस येणारी रक्कम जवळच्या पूर्ण रुपयापर्यंत आणून पावतीवर छापावी, एवढेच तिचे कार्य. पंचावन्न वर्षांच्या प्राध्यापकास अशा गोष्टीचा जो पोरकट अभिमान वाटतो, तो मलाही त्या रात्री वाटला हे कबूल केले पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिले गिऱ्हाईक आले ते एक वृद्ध शेतकरी. त्यांनी ब्याऐंशी रुपये किलोची हरभऱ्याची डाळ दोनशे ग्रॅम, अठ्ठेचाळीस रुपये किलोचा गूळ तीनशे ग्रॅम आणि तीनशे चोवीस रुपये किलोचे जिरे शंभर ग्रॅम असा माल घेतला. माझा भाऊ नित्याच्या सवयीने माल तोलता तोलता तोंडाने म्हणत होता, “सोळा... चौदा... बत्तीस.” यंत्राने मात्र सोळा रुपये चाळीस पैसे, चौदा रुपये चाळीस पैसे आणि बत्तीस रुपये चाळीस पैसे अशी नोंद घेतली, त्रेसष्ट रुपये वीस पैसे अशी बेरीज केली आणि पावतीच्या तळाशी त्रेसष्ट रुपये छापले. म्हाताऱ्याने पावती न पाहताच ओठांत बेरीज केली होती. तो म्हणाला, “बासष्ट झाले. हा वरचा रुपया कोठचा जी?”

आम्ही दोघेही निरुत्तर झालो. भावाची बेरीज चुकली नव्हती, यंत्राचीही चुकली नव्हती. दोघांनी जवळच्या रुपयाचाच नियम पाळला होता. फक्त एकाने तो प्रत्येक जिनसेस लावला आणि दुसऱ्याने एकदाच, अखेरीस. बिनचूक अशा दोन हिशेबांत एक रुपयाचे अंतर पडले, आणि ते अंतर कोणी द्यावे हे अंकगणित सांगू शकत नव्हते.

रुपया तो केवढा, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या गावी मी हा प्रश्न ऐकला त्या गावी तो नवा नाही, आणि गावाच्या नावातच त्याची खूण राहिलेली आहे. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. १९०२ मध्ये तो प्रांत कायमच्या पट्ट्याने त्यांच्याकडे गेला व पुढल्याच वर्षी मध्यप्रांतास जोडला गेला. ह्या व्यवहारामुळे पैनगंगेच्या खोऱ्यात, जेथे पूर्वी एकाच राज्याची गावे शेजारीशेजारी नांदत होती, तेथे दोन राज्यांमधील सरहद्द येऊन बसली. वाशीम तिकडे गेले आणि हिंगोली इकडे राहिली. हैदराबाद संस्थानाचे जकातीचे खाते निराळे होते. त्यास करोडगिरी म्हणत, आणि सरहद्दीवरच्या नाक्यांवर येणाऱ्याजाणाऱ्या मालाची झडती होई. आज तेथे जकात नाही, संस्थान नाही, आणि १९६० पासून दोन्ही बाजू एकाच महाराष्ट्रात आहेत. १९९८ मध्ये वाशीम व १९९९ मध्ये हिंगोली हे स्वतंत्र जिल्हे झाले, तेव्हा ती जुनी रेषा केवळ जिल्ह्यांची सीमा म्हणून उरली.

परंतु नाक्यावर बदलत असे ते केवळ राज्य नव्हे, नाणेही बदलत असे. हैदराबादचा रुपया तो ‘हाली’, म्हणजे चालू शिक्का. त्यावर चारमिनाराचे चित्र असे. इंग्रजी रुपया तो ‘कलदार’. कल म्हणजे यंत्र, आणि कलदार म्हणजे यंत्रावर पाडलेला. आमच्या आजोबांच्या पिढीच्या तोंडी हा शब्द नित्य असे, व त्यातील यंत्राचा अर्थ कोणाच्या ध्यानीही येत नसे. हिंगोलीकडच्या माणसास वाशीमच्या बाजारात काही घ्यावयाचे तर कलदार जवळ हवा, आणि वाशीमकडच्यास इकडे येऊन काही घ्यावयाचे तर हाली हवा. ह्या दोन नाण्यांचा भाव आरंभी खालीवर होत असे, पण पुढे तो सात हालीस सहा कलदार असा स्थिरावला. सरकारी भाषेत हाच दर शंभर कलदारांस एकशेसोळा रुपये दहा आणे आठ पै हाली असा लिहीत. आकडा दिसावयास अवजड, पण त्याचा अर्थ सातास सहा एवढाच.

आता वाचकांनी क्षणभर कागद-पेन्सिल हाती घ्यावी. दोन्हीकडे रुपयाचे आणे सोळा व आण्याच्या पै बारा, म्हणजे एका रुपयाच्या पै एकशे ब्याण्णव. एक हाली रुपया कलदारात मोडावयाचा तर एकशे ब्याण्णवास सहाने गुणून सातांनी भागावे. भागाकार एकशे चौसष्ट येतो व बाकी चार उरते. म्हणजे तेरा आणे, आठ पै आणि वर पैचे चार सप्तमांश. चार सप्तमांश पै हे नाणे कोणत्याही टाकसाळीत पाडलेले नाही. मोड देणाऱ्याने ते सोडून दिले व तेरा आणे आठ पै दिली, तर अशा सात वेगवेगळ्या रुपयांचे मिळून अकराशे अठ्ठेचाळीस पै होतात. तेच सात रुपये एकदम मोडले तर सहा कलदार, म्हणजे अकराशे बावन्न पै मिळावयास हव्यात. चार पै नाहीशा झाल्या. बरे, चार सप्तमांश हे अर्ध्याहून अधिक आहेत, म्हणून पूर्ण पै धरून तेरा आणे नऊ पै दिली, तर सातांचे अकराशे पंचावन्न होतात आणि तीन पै देणाऱ्याच्या पदरच्या जातात. खाली सोडा की वर चढवा, सातही वेळा कोणीतरी बुडतोच. जो गरीब तो रुपया रुपया मोडणार, आणि जो सधन तो सात-सातांच्या, सत्तर-सत्तरांच्या थैल्या मोडणार. तेव्हा बाकी सोडण्याचा नियम कोणाच्या पदरी नुकसान टाकी हे उघड आहे. ह्यात फसवणूक कोणीच केलेली नसते. प्रश्न फक्त एवढाच, की भागाकार कितीदा करावयाचा आणि बाकी कोणाची मानावयाची.

एक पैचा विषय निघाला की महाराष्ट्रात एकनाथांची आख्यायिका आठवल्यावाचून राहात नाही. देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींच्या कचेरीचा हिशेब लिहिताना एका पैचा मेळ बसेना, म्हणून एकनाथ रात्रभर दिव्याच्या उजेडात बसले आणि चूक सापडताच आनंदाने टाळी वाजविली, असे सांगतात. कीर्तनकार ह्या कथेचा विनियोग कसा करतात ते सर्वांस ठाऊक आहे. मी तिच्याकडे हिशेबाच्या दृष्टीने पाहतो तेव्हा मला एक भेद करावासा वाटतो. एकनाथांस सापडली ती चुकीची पै होती. कोठेतरी लिहिताना हात चुकला होता, आणि पुरेशी रात्र व पुरेसे तेल असेल तर अशी पै सापडतेच. नाक्यावरची पै बाकीची पै आहे. ती हरवलेली नसल्यामुळे कितीही शोधली तरी सापडावयाची नाही. ती कोणास तरी द्यावी लागते. हिशेबाची आज्ञावली लिहिणारे बहुतेक लोक पहिल्या पैच्या शोधात दिवसचे दिवस घालवितात आणि दुसऱ्या पैचा निकाल एका ओळीत, फारसा विचार न करता, लावून टाकतात. मीही तेच केले होते.

आमच्या जुन्या हिशेबनीसास ह्या बाकीची ओळख चांगली होती, कारण त्याचे सारे शिक्षणच अपूर्णांकांवर झालेले असे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनाची औटकी असे पाढे मुलांस पंतोजीच्या शाळेत घोकावे लागत. आज हे शब्द ऐकून मुले हसतात; माझ्या वर्गात तर औटकी म्हणजे काय हे सांगू शकणारा विद्यार्थी गेल्या कित्येक वर्षांत मला भेटलेला नाही. परंतु ज्या काळी रुपयाचा अर्धा अधेली, पाव पावली आणि आठवा भाग चवली होता, त्या काळी हे पाढे म्हणजे बाजाराचे प्रत्यक्ष व्याकरण होते. पायरीपायरीने निम्मे करीत जावयाचे: रुपया, अधेली, पावली, चवली, आणा. पुढे अर्धा आणा आणि शेवटी पैसा, रुपयाचा चौसष्टावा भाग. रोजकिर्दीत टिपलेली रक्कम खतावणीत चढे तेव्हा तिच्या कडेचे आणे-पै दोन्ही पक्षांस दिसत, आणि ज्यास मोडी वाचता येत नसे त्याससुद्धा तोंडी हिशेब कळत असे. मी जुन्या काळाचे स्तोत्र गात नाही. त्याच वह्यांत कर्जदाराच्या नावावर काय काय चढत असे हे दख्खनच्या इतिहासाच्या अभ्यासकास सांगावयास नको. १८७५ मध्ये पुणे व नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची कागदपत्रे जाळली ती उगाच नव्हे. माझे म्हणणे इतकेच की बाकीचा निर्णय तेव्हा माणसादेखत होत असे. तो अन्यायाचा असला तर त्यावर भांडण्यास जागा होती.

यंत्राने हिशेब करण्याची कल्पनाही अशाच कडेच्या नाण्यांतून जन्मास आली हे फारसे ठाऊक नसते. फ्रान्समध्ये ब्लेझ पास्कलचा पिता रुआं शहरी करवसुलीच्या कामावर होता. त्याचे बेरजांचे कष्ट वाचावेत म्हणून १६४२ च्या सुमारास, वयाची विशीही उलटली नसता, पास्कलने चाकांचे गणकयंत्र रचावयास घेतले. फ्रेंच लीव्रचे वीस सोल आणि एका सोलचे बारा दनिए होत. म्हणून हिशेबाकरिता केलेल्या यंत्रांत त्याने दहा दात्यांच्या चाकांबरोबर वीस आणि बारा विभागांची चाके बसविली. पुढे तीनशे वर्षांनी इंग्लंडात लायन्स ह्या चहागृहांच्या कंपनीने ‘लिओ’ नावाचा स्वतःचा संगणक बांधला आणि १९५१ च्या नोव्हेंबरात त्यावर आपल्या बेकऱ्यांच्या मालाच्या किमतीचा हिशेब चालू केला. व्यापारी कामास नियमितपणे जुंपलेला तो पहिला संगणक. पाव आणि केक ह्यांचा तो हिशेब. आणि तोही पौंड, शिलिंग, पेन्स ह्या वीस-बाराच्या नाण्यांचा, कारण इंग्लंडात दशमान नाणी १९७१ पर्यंत आली नाहीत.

आपल्याकडे ती १९५७ च्या १ एप्रिलला आली. रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आणि पावकी-निमकीची गरज एका दिवसात संपली असे सर्वांस वाटले. संधिकाळात मात्र बाकीची पै पुन्हा डोके वर काढून बसली. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे. पाव पैशाचे नाणे नाही. कायद्याने कोष्टक ठरविले ते असे, की अर्धा किंवा त्याहून कमी अंश सोडून द्यावा व अर्ध्याहून अधिक असल्यास पूर्ण पैसा धरावा. म्हणून आण्याचे सहा, चवलीचे साडेबाराऐवजी बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि पावलीचे पंचवीस. चार वेळा एकेक आणा दिला तर चोवीस, एकदम पावली दिली तर पंचवीस! हैदराबादच्या नाण्यांविषयी म्हणाल तर, संस्थान १९४८ च्या सप्टेंबरात भारतात विलीन झाल्यावर १९५० पासून भारतीय रुपया तेथे चालू झाला आणि हाली शिक्का पुढल्या काही वर्षांत क्रमाने मागे घेतला गेला. नाक्याच्या आसपास ज्यांनी लहानपणी हाली-कलदार पाहिले व तरुणपणी आणे जाऊन नवे पैसे आलेले पाहिले, त्यांस बाकीच्या पैचे शिक्षण दोनदा मिळाले म्हणावयाचे.

आता ह्या कथेतील विनोद असा. दशमान नाणी आली ती माणसाची बोटे दहा म्हणून, त्याच्या सोयीसाठी. पण ज्या यंत्रास पुढे हा हिशेब सोपविला गेला त्यास बोटे दोनच. संगणक सर्व संख्या शून्य आणि एक ह्या दोन अंकांत लिहितो, आणि पूर्णांकाच्या पलीकडे गेल्यावर त्याचे अपूर्णांक निम्मे, पाव, अर्धपाव, सोळावा भाग, बत्तिसावा भाग असेच उतरत जातात. म्हणजे आमची निमकी आणि पावकी! जुन्या रुपयाचे एक आण्यापासून पंधरा आण्यांपर्यंतचे सर्व भाग, इतकेच नव्हे तर चौसष्ट पैशांपैकी प्रत्येक पैसा, हे यंत्र तंतोतंत लिहू शकते. बाराव्या भागाची पै मात्र त्यास जमत नाही, कारण तिच्यात तीन हा अवयव आहे. आणि नवा पैसा? एकापासून नव्याण्णवपर्यंत पैशांच्या रकमांपैकी फक्त पंचवीस, पन्नास आणि पंच्याहत्तर ह्या तीन रकमा त्यास बिनचूक लिहिता येतात. उरलेल्या शहाण्णव रकमा म्हणजे, आपण एक तृतीयांश दशांशात लिहू लागलो की तीनांची जशी अखंड रांग लागते, तशी त्याच्यापुढे न संपणारी रांग. यंत्र ती कोठेतरी तोडते. म्हणून दहा पैसे दहा वेळा मिळवून ‘रुपया झाला काय?’ असे आजच्या संगणकास रुपयांच्या अपूर्णांकांत विचारले, तर तो बहुधा ‘नाही’ म्हणतो. त्याच्या लेखी पंधराव्या-सोळाव्या दशांश स्थळी काही कमी पडलेले असते. जी नाणी आपण अवघड म्हणून टाकून दिली ती यंत्रास सोपी होती, आणि सोपी म्हणून जी आणली ती त्यास मुळातच लिहिता येत नाहीत.

ह्यावर उपाय निघाले. मोठ्या व्यापारी यंत्रांत संख्या दशमान रूपातच सांभाळण्याची सोय केली गेली, आणि १९५९ मध्ये आखणी सुरू झालेल्या ‘कोबॉल’ ह्या व्यापारी संगणकभाषेत दशमान हिशेब आरंभापासून होता. पण घरगुती यंत्रे निराळ्या वंशातील. केमेनी आणि कर्ट्‌झ ह्या दोघा अमेरिकन प्राध्यापकांनी १९६४ मध्ये डार्टमथ येथे बेसिक ही भाषा निर्माण केली ती दुकानदारांसाठी नव्हे. गणित किंवा विज्ञान न शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसही संगणक वापरता यावा हा त्यांचा हेतू. पुढील दशकात लहान यंत्रे घरोघर जाऊ लागली तेव्हा हीच भाषा त्यांच्याबरोबर गेली, आणि घरगुती संगणकाच्या पहिल्या जाहिरातींत खेळांच्या जोडीला ‘घरचा हिशेब’ हटकून असे. १९७७ च्या अ‍ॅपल दोन ह्या यंत्रात वॉझनियॅक ह्यांनी स्वतः लिहिलेले जे पहिले बेसिक होते त्यास अपूर्णांक मुळी ठाऊकच नव्हते. त्याची मोठ्यात मोठी संख्या ३२,७६७. पैशांत हिशेब करावा तर तीनशे सत्तावीस रुपये सदुसष्ट पैशांवर गाडी थांबे. एखाद्या दुकानदाराची दिवाळीच्या आठवड्यातील पहिल्या तासाची विक्रीसुद्धा त्यात मावली नसती.

आपल्याकडे घरगुती संगणक आला तो ह्याच पिढीतला. सिंक्लेअर ह्यांचा ‘स्पेक्ट्रम’ १९८२ मध्ये इंग्लंडात निघाला आणि पुढे पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीने परवान्याने तो ‘डीबी स्पेक्ट्रम’ म्हणून येथे विकावयास काढला. मी ज्यावर शिकलो तो हाच. दूरदर्शनचा संच त्याचा पडदा, गाण्यांच्या कॅसेटचे यंत्र त्याची वही. अट्ठेचाळीस हजारांच्या आसपास अक्षरे मावतील एवढी त्याची स्मृती, आणि तीतही काही जागा चित्रपटलासच लागे. कॅसेट उलटी फिरवून आज्ञावली परत वाचावयास लावली की किर्र आवाज होऊन पडद्याच्या कडांवर रंगीत पट्टे नाचत, आणि पाच मिनिटांनी कळे की वाचन फसले. अशा यंत्रावर माझ्या स्नेह्याच्या वडिलांनी आपल्या कापडाच्या दुकानाची बिले करून पाहिली व आठवड्याभरात ते पुन्हा वहीकडे वळले. त्यांस दोष देण्याचे कारण नाही. त्याच सुमारास, १९८६ मध्ये, बंगळूर येथील श्यामसुंदर गोएंका ह्यांना आपल्या धंद्यास जुळेल अशी आज्ञावली मिळेना, म्हणून त्यांनी ते काम गणित शिकलेल्या आपल्या मुलाकडे, भारत ह्यांच्याकडे, सोपविले. त्यातून जी ‘टॅली’ निघाली ती आज देशभर दुकानादुकानांतून दिसते. बापाचा जाच आणि मुलाचे गणित: पास्कलचीच गोष्ट साडेतीनशे वर्षांनी पुन्हा घडली.

माझ्या पन्नास ओळींकडे वळतो. पहिली दुरुस्ती सोपी होती. रुपयांचे अपूर्णांक टाकून मी सारा हिशेब पूर्ण पैशांत करावयास लावला. सोळा रुपये चाळीस पैसे म्हणजे सोळाशे चाळीस. पूर्णांक यंत्रास तंतोतंत लिहिता येतात, म्हणून पैशापर्यंतची चुकीची पै ह्यायोगे नाहीशी झाली. दोन राज्यांच्या नाण्यांचा हिशेब वर मी पैत करून दाखविला तो ह्याच रीतीने. सर्वांत लहान नाण्यात मोजावे आणि रुपये शेवटी करावेत.

दुसरी दुरुस्ती म्हणजे म्हाताऱ्याचा प्रश्न. आम्ही दोघे त्यावर रात्री बराच वेळ बसलो. पैसे सर्वस्वी सोडूनच का देऊ नयेत, असे मी सुचविले. पंचवीस पैसे व त्याखालील नाणी २०११ च्या जूनअखेर चलनातून गेली आहेत, आणि पन्नास पैसे कोणी घेत नाही. मग हा खोटा आकडा जपावयाचा कशास? भावाने बोटांवर हिशेब केला. रोजच्या साठ पावत्या, प्रत्येकीवर सरासरी अर्धा रुपया गेला तर रोजचे तीस. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर नऊ हजार रुपये. “एवढ्यात धाकट्याची वर्षाची फी निघते, प्रोफेसर,” तो म्हणाला. तेव्हा ते सुचविणे मी मागे घेतले.

मग जवळचा रुपया धरणे आले. तेथेही नेमक्या पन्नास पैशांचे काय करावे ह्यावर शास्त्रकारांचे मत एक नाही. १९५७ च्या कोष्टकात अर्धा सोडून देत. २०१७ च्या वस्तू व सेवा कराच्या कायद्यात कराच्या रकमेतील पन्नास पैसे वर चढवून रुपया धरतात. आणि आजच्या कित्येक संगणकभाषांत अर्धा आला तर जवळच्या सम संख्येकडे जाण्याची रीत आहे, म्हणजे अडीचाचे दोन आणि साडेतीनाचे चार. ही शेवटची रीत दीर्घ हिशेबात सर्वांत निःपक्षपाती खरी, पण ती मी भावास समजावून सांगू लागलो तेव्हा त्याने मजकडे अशा दृष्टीने पाहिले की मी थांबलो. गिऱ्हाइकास हे कोण सांगणार?

खरा वाद होता तो जिनसेवर पूर्ण करावे की बेरजेवर. माझा आग्रह बेरजेचा. अंकगणित माझ्या बाजूस होते: बाकी जितक्या कमी वेळा तोडाल तितके अंतर कमी, हे सात हाली रुपयांच्या उदाहरणाने सिद्धच आहे. परंतु भावाचे म्हणणे मला तेव्हा सुचले नव्हते असे निघाले. तो म्हणाला, “तुझी बेरीज बरोबर आहे, पण ती त्याला करता येत नाही. सोळा, चौदा, बत्तीस तो उभ्या उभ्या करतो. चाळीस-चाळीस पैसे तिनदा धरून त्रेसष्ट करायला त्याला कागद लागेल. ज्याची बेरीज त्याला करता येत नाही, ती पावती त्याने का मानावी?” ह्यास माझ्याजवळ उत्तर नव्हते. नाक्यावरच्या माणसास चार सप्तमांश पै दिसत नव्हती, पण मोड देणारा समोर होता आणि दर सातास सहा आहे हे सर्वांस ठाऊक होते. माझ्या आज्ञावलीत मोड देणाराच अदृश्य झाला होता. मी हिंगोलीहून निघून गेलो असतो, आणि माझा एक नियम रोज साठ वेळा, कोणासही न विचारता, रुपये इकडून तिकडे करीत राहिला असता.

शेवटी ठरले ते भावाचे. रोखीच्या पावतीवर प्रत्येक जीनस तोलतानाच जवळच्या रुपयात पूर्ण करावयाची, नेमके पन्नास पैसे आले तर ते गिऱ्हाइकाचे, आणि बेरीज पूर्ण रुपयांचीच छापावयाची. उधारीतही तेच. माझ्या मते ह्यात वर्षभरात थोडाफार पैसा इकडेतिकडे होईलच, आणि एकाच जिनसेची लहान लहान खरेदी करणाऱ्यास तो अधिक जाणवेल. हे मी त्यास सांगितले व त्याने मान्यही केले. आज्ञावलीत त्याकरिता एकच ओळ हलवावी लागली. ‘पूर्ण कर’ ही आज्ञा बेरजेच्या खालून उचलून मी प्रत्येक जिनसेच्या गुणाकारापाशी नेऊन ठेविली.

म्हाताऱ्याकडून सकाळी घेतलेला जास्तीचा रुपया भावाने त्याच्या उधारीतून वजा केला. ही नोंद त्याने यंत्रावर केली नाही. लाल बांधणीची जुनी वही काढून, त्या दिवसाच्या तारखेखाली, जमेच्या बाजूस त्याने एक रुपया लिहिला आणि म्हातारा दुसऱ्या दिवशी आला तेव्हा ते पान उघडून त्यास दाखविले.